प्रीपेडचा बॅलन्स आपोआप उडतो? फोनच्या मागे लागण्याआधी काय कापलं ते बघा

"दादा, परवाच शंभरचा टॉपअप मारला, आज बघतो तर अकरा रुपये. एक कॉल केलेला नाही."

रिचार्जच्या दुकानात बसणाऱ्याला हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला लागतं. निकालही त्याच दमात लागलेला असतो: कंपनीने खाल्ले. पूर्वी मीही मान डोलवायचो, गिऱ्हाईक कशाला दुखवा. मग एकदा माझ्याच आईच्या नंबरवरचे सगळे पैसे एका सकाळीत साफ झाले आणि मी पहिल्यांदा मुळापर्यंत गेलो. तेव्हापासून निदान दहावीस वेळा हाच आजार दुरुस्त केलाय. त्यामुळे आता सांगतो: बॅलन्स चोरीला जाणं हा प्रकार क्वचित. बहुतेक वेळा तो गळत असतो, आणि गळतीची जागा सापडायच्या आधीच आपण फोन रिसेट करतो, सिम बदलतो, कंपनी बदलतो. गळती तशीच राहते.

आधी एक गैरसमज. शंभरचा टॉपअप मारला की शंभर जमा होत नाहीत, ८१ रुपये ७५ पैसे होतात. शंभरातला १५ रुपये २५ पैसे जीएसटी आणि ३ रुपये प्रोसेसिंग फी. दहाच्या टॉपअपला ७ रुपये ४७ पैसे मिळतात. हे सगळ्या कंपन्यांचं जवळपास सारखंच आहे, आणि रिचार्ज करणाऱ्या पोरानेही यातले पैसे मारलेले नसतात. (हे वाक्य मी स्वतःसाठी लिहिलंय.) म्हणजे वरच्या गिऱ्हाइकाचे ८९ नाही, ७१ रुपये गेले.

आता ७१ रुपयांचा हिशेब. पॅक नसताना, किंवा छोट्या पॅकमधला डेटा संपल्यावर, मेन बॅलन्समधून नेट चाललं तर सध्या सर्रास दिसणारा दर एमबीला ५० पैसे. एमबीला ५० पैसे ऐकायला किरकोळ वाटतं. पण एक जीबी म्हणजे १०२४ एमबी, म्हणजे ५१२ रुपये. ७१ रुपयांचे झाले १४२ एमबी. एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या ॲपचा एक अपडेट. फोन चार्जिंगला लावून माणूस झोपला, तेवढ्यात झालं काम.

पण थांबा. डेटाच कापला हे अजून ठरलेलं नाही.

निदान: दोन रात्री आणि एक वही

बॅलन्स तीन वाटांनी जातो. डेटा, कॉल-मेसेज, आणि कधीतरी चुकून चालू झालेली एखादी सेवा. तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आधी वाट ओळखायची.

पहिली रात्र: झोपताना मोबाइल डेटा बंद करा. वाय-फाय राहू द्या. बॅलन्स तपासून पैशासकट वहीत लिहा. "साधारण चाळीस" असं नाही, "४० रुपये ३६ पैसे" असं. सकाळी कोणालाही फोन करायच्या आधी पुन्हा तपासा. आकडा तोच असेल तर डेटावर संशय पक्का. कमी झाला असेल तर डेटा निर्दोष, दुसरीकडे बघा.

दुसरी रात्र: डेटा चालू ठेवून तेच. आता कापले तर चोर सापडला.

काही जण म्हणतात एवढं कशाला, मेसेज येतातच की. येतात, पण वाचतो कोण? मेन बॅलन्सवर नेट चाललं की बऱ्याचदा स्क्रीनवर छोटी चौकट येते: डेटा वापर ०.३५ एमबी, कापलेली रक्कम ०.१८, शिल्लक अमुक. आपण ती ओके दाबून घालवतो. दिवसाला अशा पंधरा-वीस चौकटी घालवणारे लोक मी पाहिलेत. पुढच्या वेळी चौकट आली की दाबायच्या आधी त्यातला एकच शब्द वाचा, डेटा की आणखी काही.

रोज ठरलेल्या वेळी ठरलेली रक्कम गेली तर

ही खूण डेटाची नाही. डेटाचे आकडे वेडेवाकडे असतात: १८ पैसे, ४ रुपये ७, ६३ पैसे. रोज सकाळी बरोबर ३ रुपये किंवा महिन्याला बरोबर ३० रुपये गेले तर ती सेवा आहे. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचे स्कोअर, गेम. आमच्याकडे एक गवंडी यायचे, त्यांच्या फोनवर कसली तरी "रोजची प्रश्नमंजुषा" चालू होती. त्यांनी आयुष्यात कधी तिचं उत्तर दिलं नव्हतं. फोन खिशात ठेवताना आलेल्या चौकटीवर अंगठा पडला, एवढंच. कॉलर ट्यूनचंही तसंच. दुसऱ्याला फोन लावला, त्याची ट्यून वाजत असताना स्टार दाबला गेला, की ती ट्यून आपल्याकडे यायची वाट मोकळी होते.

यावर उपाय सोपा आहे: १५५२२३ हा नंबर. त्यावर इंग्रजीत स्टॉप असा मेसेज पाठवा किंवा फोन लावा. चालू असलेल्या सेवांची यादी येते आणि त्यातून बंद करता येतं. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्येच कंपन्यांना बजावलंय की अशी सेवा चालू करताना गिऱ्हाइकाची दोनदा संमती घ्यायला हवी. तरीही अंगठा दोनदा पडतो, त्याला काय करणार.

मेसेजची वाट तर अनेकांच्या डोक्यातच येत नाही. यूपीआयचं ॲप नव्याने टाकलं की ते तुमचा नंबर पडताळायला फोनमधून एक मेसेज गुपचूप पाठवतं. पॅकमध्ये मेसेज नसतील तर त्याचा रुपया-दीड रुपया मेन बॅलन्समधून जातो. बॅलन्स शून्य असेल तर मेसेज जातच नाही, आणि लोक बँकेत जाऊन भांडतात. आयफोनचं त्याहून मजेदार. आयमेसेज आणि फेसटाइम चालू करताना फोन परदेशी नंबरावर एक मेसेज पाठवतो, त्याला पाच रुपयांच्या आसपास पडतात. फोन रिसेट केला, सिम काढून घातलं, की हे पुन्हा होऊ शकतं. नवा आयफोन घेतलेल्या एका मुलाचे आठवड्यात तीनदा असे पैसे गेले, कारण काहीतरी बिघडलंय समजून तो दर वेळी फोन रिसेटच करत होता.

कॉलचंही एक सांगून टाकतो. काही छोट्या पॅकमध्ये कॉल अनलिमिटेड नसतात. सेकंदाला अडीच पैसे म्हणजे मिनिटाला दीड रुपया. लेकीशी वीस मिनिटं बोललं की तीस रुपये. आणि फोर-जीवरच्या साध्या कॉलला, ज्याला एचडी कॉल म्हणतात, डेटा कापला जात नाही; मोबाइल डेटा बंद असला तरी तो लागतो. डेटा बंद केला तर फोन लागणार नाही या भीतीने तो कायम चालू ठेवणारे कित्येक ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांना हे एवढंच समजावलं तरी अर्धी गळती थांबते.

डेटाच असेल तर: फोन कधी आणि का खातो

माझ्या आईचं काय झालं ते सांगतो, कारण यात सगळं आलं.

घरी वाय-फाय आहे. आईच्या सिमवर व्हॅलिडिटीपुरता छोटा पॅक, थोडासा डेटा असलेला, आणि वर ८१ रुपये ७५ पैशांचा टॉपअप. तिला नेट लागतं ते घरीच. सकाळी देवपूजा झाली की यूट्यूबवर कीर्तन लावून ती भाजी निवडत बसते. त्या दिवशी सव्वासातला लाइट गेली. लाइट गेली की राउटर मेला. फोन मात्र बॅटरीवर जिवंत, आणि त्याला काय, वाय-फाय गेलं की तो मुकाट सिमच्या डेटावर आला. कीर्तन क्षणभर अडखळलं आणि पुढे सुरू झालं. पॅकमधला डेटा तर असाच मागच्या आठवड्यात कधीतरी संपलेला. साध्या दर्जाचा व्हिडिओसुद्धा मिनिटाला पाचेक एमबी घेतो. अर्ध्या तासात दीडशेच्या वर एमबी, म्हणजे ऐंशी रुपये. बुवा आख्यानाच्या रंगात आले असतानाच व्हिडिओ थांबला, तेव्हा आई म्हणाली, "नेट गेलं वाटतं." नेट गेलं नव्हतं, पैसे संपले होते.

यात कंपनीचा दोष शून्य. तक्रार केली असती तर मीच तोंडघशी पडलो असतो.

ज्यांच्या घरी वाय-फाय आहे आणि सिमवर मोठा पॅक नाही, त्यांच्या बाबतीत दहातले सहा प्रकार असेच निघतात. भारनियमन, राउटरचा वैतागलेला ॲडॉप्टर, किंवा गच्चीवर गेलं की सुटणारी रेंज. ज्याला नेट फक्त घरी लागतं त्याचा मोबाइल डेटा कायमचा बंदच असायला हवा. वरून पडदा खाली ओढला की दोन बाणांचं चिन्ह दिसतं, ते. पण घरातल्या नातवाने हॉटस्पॉटसाठी ते चालू केलं आणि तसंच ठेवलं की झालं. म्हणून या एका बटणावर विसंबू नका.

त्यापेक्षा पक्का बंदोबस्त अँड्रॉइडमध्येच आहे. सेटिंगमध्ये नेटवर्क, त्यात सिम, त्यात डेटा चेतावणी आणि मर्यादा. शब्द कंपनीगणिक वेगळे असतील, पण हा पर्याय बहुतेक फोनमध्ये असतो. मर्यादा चालू करून तिथे अगदी छोटा आकडा टाका, ज्यांना सिमचा डेटा नकोच आहे त्यांनी एक-दोन एमबी. तो ओलांडला की फोन स्वतःच डेटा बंद करतो. फक्त महिना कोणत्या तारखेला सुरू होतो ती तारीखही तिथेच ठरवायची असते, कारण दर महिन्याला त्या तारखेपासून मर्यादा पुन्हा नव्याने मोजायला लागते.

ज्यांना सिमचा डेटा लागतो पण जपून, त्यांनी खाणारी ॲप शोधा. त्याच पानावर ॲपनुसार वापर दिसतो, सगळ्यात वर जे नाव आहे ते गुन्हेगार. प्रत्येकाच्या फोनमध्ये नाव वेगळं निघतं, म्हणून "व्हॉट्सॲप खातं" असं ऐकीव धरून चालू नका. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा निघालेले दोन: प्ले स्टोअर आणि फोटोंचा बॅकअप. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये नेटवर्क प्राधान्ये, तिथे ॲप आपोआप अपडेट फक्त वाय-फायवर करा. फोटोंच्या ॲपमध्ये मोबाइल डेटावर बॅकअप बंद. लग्नाहून आल्यावर ज्यांचा बॅलन्स गेला, त्यांचं हेच कारण: दोनशे फोटो ढगात चढत होते. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज आणि डेटा या पानावर "मोबाइल डेटा वापरताना" या ओळीतल्या सगळ्या खुणा काढा. सुप्रभातचा एक फोटो दीड-दोनशे केबीचा, त्याला दहा पैसे जातात. पण गावच्या ग्रुपवर मिरवणुकीचा व्हिडिओ पडला की वीस-वीस एमबी आपोआप उतरतात, कोणी बघो न बघो.

रात्रीच का जातो बॅलन्स, हे लोकांना गूढ वाटतं. गूढ नाही. फोन चार्जिंगला लागलेला, स्क्रीन बंद, कोणी वापरत नाही. अपडेट आणि बॅकअपसारखी जड कामं याच वेळी उरकायची अशी फोनची रचनाच आहे. त्यात पॅकची मुदत रात्री बाराला संपते. साडेअकराला पॅकवर चालणारं तेच काम साडेबाराला मेन बॅलन्सवर चालू राहतं. पॅक संपायच्या दिवशी संध्याकाळीच नवा मारा, किंवा त्या रात्री डेटा बंद ठेवा.

हॉटस्पॉटचं एक वेगळं कोडं आहे. "सगळं फक्त वाय-फायवर केलंय, तरी कसं गेलं?" तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलेला दुसरा फोन किंवा लॅपटॉप तुमच्या सिमलाच वाय-फाय समजतो! त्याला काय माहीत की इकडे एमबीला पैसे पडतायत. तो खुशाल अपडेट ओढतो, आणि विंडोजचा एक अपडेट कित्येकशे एमबीचा असू शकतो. जोडलेल्या यंत्रात त्या नेटवर्कवर बोट ठेवून ते "मीटर केलेलं" आहे असं सांगायची सोय असते. विंडोजमध्येही आहे, अँड्रॉइडमध्येही. ती एकदा लावली की तो पाहुणा हात आखडता घेतो.

दोन सिमवाल्यांनी आणखी एक बघा. पहिल्या सिमवर मोठा पॅक, दुसरं सिम बँकेच्या ओटीपीपुरतं, त्यावर पन्नासेक रुपये. नेट पहिल्यावरच लावलंय, तरी दुसऱ्याचा बॅलन्स घटतो. कारण नव्या फोनमध्ये "कॉलदरम्यान डेटा बदला" किंवा "आपोआप डेटा बदल" अशी सोय असते. दुसऱ्या सिमवर कॉल आला, किंवा पहिल्याची रेंज घसरली, की नेट तात्पुरतं दुसऱ्यावर सरकतं. सिमच्या सेटिंगमध्ये तळाला ते बटण सापडेल, बंद करा. आयफोनमध्येही आहे, मोबाइल डेटाच्या पानावर. त्याच पानावर अगदी खाली, सगळ्या ॲपची यादी संपल्यावर, वाय-फाय असिस्ट नावाचं बटण आहे. वाय-फाय नुसतं कमजोर झालं तरी फोन सिमचा डेटा घ्यायला लागतो तो याच्यामुळे. २०१५ पासून आयफोनमध्ये आहे आणि मूळचं चालूच असतं. एवढ्या खाली ते का ठेवलंय ते ॲपललाच माहीत. काही अँड्रॉइड फोनमध्येही वाय-फायच्या सेटिंगमध्ये याचा भाऊ बसलेला असतो.

बटणाच्या फोनला नेट नसतं असं कोणी सांगितलं? मधलं बटण दाबलं की ब्राउझर, काही जुन्या फोनवर शून्य दाबून धरला की ब्राउझर. खिशात, कनवटीला, पिशवीत ते दाबलं जातं. दर वेळी काही पैसेच जातात, म्हणून लक्षात येत नाही. अशा फोनमध्ये मी नेटचं खातं, म्हणजे एपीएन, उघडून त्यात मुद्दाम चुकीचं नाव भरतो. ब्राउझर उघडला तरी जोडलाच जात नाही. सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की मात्र ही युक्ती संपते.

कुलूप फोनला नको, सिमला लावा

वरचं सगळं फोनच्या बाजूचं झालं. फोन बदलला, नातवाने सेटिंग फिरवलं, की पहिले पाढे पंचावन्न. ज्यांना सिमवर नेट मुळीच नको, त्यांच्यासाठी खरा इलाज कंपनीच्या बाजूला आहे आणि तो फुकट आहे. १९२५.

या नंबरावर इंग्रजीत स्टॉप असा मेसेज पाठवला की त्या सिमची डेटा सेवाच बंद होते. पुन्हा हवी तर स्टार्ट. फोन लावूनही करता येतं. गिऱ्हाइकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा चालू करू नये, असा ट्रायचा नियम २०१५ मध्ये आला आणि हा नंबर त्याच्याबरोबरचाच. गंमत अशी की संमती आपण कधीतरी दिलेली असते, एखाद्या चौकटीवर ओके दाबून. पुढे पॅक संपला तरी ती तशीच राहते. डेटा बंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत थांबा, मग मोबाइल डेटा चालू करून वाय-फाय बंद करा आणि एखादं पान उघडून बघा. उघडलं नाही तर कुलूप बसलं.

आईच्या सिमवर मी हेच केलं. लाइट गेली की आता कीर्तन थांबतं. ती चिडते, पण ते वेगळं.

स्वस्त पडणारी आणखी एक गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि मेसेजचे, डेटा नसलेले पॅकही ठेवा, आणि त्यांची मुदत वर्षभरापर्यंत नेता येईल. असे पॅक त्यानंतर बाजारात आलेत. कंपनीच्या ॲपमध्ये ते सहसा पहिल्या पानावर दिसत नाहीत, शोधावे लागतात. बटणाच्या फोनवाल्या आजोबांना हाच पॅक आणि वर १९२५ चं कुलूप, एवढं पुरतं. पण पॅक घेतला आणि कुलूप नाही लावलं, वर टॉपअपही आहे, तर स्मार्टफोनवर तो टॉपअप नेटलाच जाणार. ज्यांनी असा पॅक घेतलाय त्यांनी हे आधी करा.

वीस रुपयांची गोष्ट

हा मुद्दा छोटा वाटेल, पण यात नंबर जातो.

बरेच जण जुना नंबर टिकवायला त्यात थोडे पैसे टाकून ठेवतात. त्यामागे एक नियम आहे: ९० दिवस वापर झाला नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पण बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. हे ट्रायच्याच नियमांत आहे. आता विचार करा. तुम्ही ४० रुपये ठेवून निश्चिंत झालात, सिम जुन्या स्मार्टफोनमध्ये पडून आहे, फोन अधूनमधून चार्ज होतो, डेटा चालू. ४० रुपयांना ८० एमबी. दोन अपडेट. मग तो फोन कपाटात बंद, तीन महिने कोणी बघितलं नाही, मुदत वाढवायला वीस रुपये शिल्लक नाहीत. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा, आधार आणि बँक दोन्ही जोडलेला नंबर असाच गेला. आधारचा नंबर बदलायला त्यांना रांगेत उभं राहावं लागलं.

शिवाय २०१८ च्या अखेरीपासून बहुतेक कंपन्यांनी येणाऱ्या कॉलसाठीसुद्धा ठरावीक मुदतीचा कमीत कमी रिचार्ज लावलाय, त्यामुळे नुसत्या बॅलन्सच्या भरवशावर कॉल येतीलच असं नाही. नंबर जपायचा असेल तर मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस बुकिंगच्या शेजारी लिहा.

परगावी आणि परदेशी

महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, मुंबई वेगळं. त्यामुळे सांगली-सोलापूरचं सिम मुंबईला गेलं की काही फोन ते रोमिंग समजतात आणि नेट थांबतं. मग कोणीतरी डेटा रोमिंगचं बटण चालू करून देतं. देशात त्याने काही बिघडत नाही. तेच बटण तसंच ठेवून दुबईला मुलाकडे गेलात की मात्र बिघडतं. विमानात बसायच्या आधी ते बंद करा आणि तिकडे गेल्यावर तिकडचं सिम किंवा मुलाचं वाय-फाय घ्या. आपल्या सिमवर नेट हवंच असेल तर आधी रोमिंगचा पॅक, मग बटण.

तरीही कापला जात असेल तर

दोन्ही रात्रींची परीक्षा झाली, १५५२२३ झालं, १९२५ झालं, सिम बटणाच्या साध्या फोनमध्ये टाकून दोन दिवस ठेवलं, तरी बॅलन्स घटतोय. आता मात्र भांडायचं, कारण आता तुमच्याकडे वही आहे.

१९८ लावा. तो तक्रारीचा नंबर, फुकट. चौकशीच्या नंबरवर बोललेलं तक्रार धरलं जाईलच असं नाही, म्हणून १९८ च. बोलताना "बॅलन्स कापतोय" एवढंच म्हणू नका. "१४ तारखेला रात्री १० वाजून ५ मिनिटांनी ४० रुपये ३६ पैसे होते, १५ ला सकाळी साडेसहाला ३७ रुपये ३६ पैसे, मध्ये कॉल नाही, डेटा सेवा १२ तारखेपासून बंद" असं सांगा. समोरच्याचा सूर बदलतो, मी ऐकलाय. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक घ्या, तो मेसेजनेही यायला हवा. त्या गवंड्यांचे पैसे असेच परत आले, वहीतल्या तीन ओळींवर.

कशाचे पैसे कापले याचा सविस्तर तपशील प्रीपेडवालाही मागू शकतो. मागच्या सहा महिन्यांतला मिळतो, कंपनी त्याचे ५० रुपयांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि ३० दिवसांत द्यावा लागतो. दुकानात विचारलं तर "प्रीपेडला बिल नसतं" असं सांगतील. बिल नसतं हे खरं; तपशील असतो.

तक्रारीचं उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. अपिलात तक्रार क्रमांक पहिल्या ओळीत लिहा आणि वहीच्या पानाचा फोटो जोडा. ट्रायला थेट पत्र लिहिणारेही भेटतात. ट्राय नियम करते, एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.